तीन नंबरचं काउंटर

पडद्यावरच्या बाईंनी पर्समधून चष्मा काढला. कागद त्यांच्या हातात आला होता, म्हणून मी घड्याळाची कळ दाबली.

सांगलीतल्या एका दुमजली शोरूमच्या मागच्या खोलीत मी बसले होते. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन विकणारं मोठं दुकान. समोर तीन छोटे पडदे होते, बिल करायच्या तीन काउंटरांवर रोखलेल्या तीन कॅमेऱ्यांचे. गिऱ्हाइकाच्या हातात कागद पडल्यापासून त्यावर सही होईपर्यंत किती वेळ जातो, तेवढा मोजायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. मी अठ्ठावीस वर्षांची होते, मानसशास्त्रात पीएच.डी. करत होते. ज्यांना आवाज सहन होत नाही अशी माणसं खरेदीचे निर्णय कसे घेतात, हा माझा विषय. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली.

बाईंनी चष्मा लावला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांच्यापासून दोन हातांवर एक मुलगी मिक्सर चालवून दाखवत होती. वर भिंतीला स्पीकर होता, त्यातून टीव्हीच्या जाहिराती कोकलत होत्या. माझ्या पडद्याला आवाज नव्हता, पण मधली भिंत प्लायवूडची होती. मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, जरा बंद करता का ते? मला वाचायचंय," बाई म्हणाल्या.

"झालंच मावशी. सही केली की मोकळ्या तुम्ही," काउंटरवरचा माणूस म्हणाला.

बाईंनी डावा तळहात कानावर दाबला. कागद उडू नये म्हणून कोपर त्यावर टेकवलं. पेन उचललं, सही केली, आणि कागद न बघताच पलीकडे सारला.

'एक्केचाळीस सेकंद,' मी लिहिलं.

त्या कागदावर तिसऱ्या ओळीत पाच वर्षांच्या देखभाल योजनेपुढे आधीच बरोबरची खूण छापलेली होती. योजना नको असेल तर गिऱ्हाइकाने ती खोडायची. एक आणि दोन नंबरच्या काउंटरवर लोकांना हा कागद वाचायला अडीच-तीन मिनिटं लागत होती. या बाई तिसऱ्या ओळीपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

तीन नंबरवर सगळेच इतकी घाई का करतात ते बघावं म्हणून मी शेजारच्या ट्रेमधला त्यांचा अर्ज काढला. दुकानात शिरतानाच दारावरची मुलगी प्रत्येकाकडून एक अर्ज भरून घ्यायची आणि काउंटरचं टोकन द्यायची. त्यात वीस प्रश्न. शेजारी कुणी मचमच करत जेवलं तर तुम्हाला उठून जावंसं वाटतं का? कुकरच्या शिट्टीने दचकायला होतं का? ते प्रश्न मी लिहिले होते. अडीच वर्षं खपून, शब्दाशब्दावर भांडून, साडेचारशे माणसांवर तपासून. ऐंशीपैकी जितके गुण जास्त, तितका त्या माणसाला आवाजाचा त्रास जास्त.

सरोजिनी मगदूम, विश्रामबाग. सदुसष्ट गुण. अर्जाच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका.

त्यांच्या आधीचा तीन नंबरचा अर्ज काढला. एकाहत्तर, पिवळा ठिपका. त्याआधीचा चौसष्ट, पिवळाच. मग मी सगळा गठ्ठाच मांडीवर घेतला. बावन्न अर्ज होते. साठच्या वरचा प्रत्येक माणूस तीन नंबरला गेलेला. साठच्या खालचा एकही नाही.

सरांनी मला सांगितलं होतं की कुणी कुठल्या काउंटरला जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठ्या टाकून असं होत नाही.

सरांनी हेही सांगितलं होतं की हा अभ्यास आहे याची गिऱ्हाइकांना कल्पना दिलेली आहे. मी अर्जाचा वरचा मथळा वाचला. 'तुमचा अभिप्राय, आमचा सन्मान!' त्याखाली सरळ पहिला प्रश्न. अभ्यासाबद्दल अक्षरसुद्धा नव्हतं. माझे प्रश्न होते म्हणून मी तो कागद इतक्या दिवसांत नीट पाहिलाच नव्हता.

मान वर केली तर पडद्यावर सत्तरीचे एक गृहस्थ पिवळं टोकन घेऊन तीन नंबरसमोर येऊन बसले होते. त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. काउंटरवरचा माणूस हसत त्यांच्यापुढे पेन नाचवत होता.

मी उठले, दार ढकलून बाहेर गेले आणि मिक्सरची पिन भिंतीतून उपटली.

"ताई, काय करताय?" मिक्सरवाली मुलगी घाबरली. "मला बंद करायची परवानगी नाहीये. दिवसभर चालू ठेवायचा म्हणून सांगितलंय."

मी भांड्याचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"रिकामाच?"

"रिकामाच. माझं पण डोकं फुटतंय हो. पण काय करणार?"

मी स्पीकरचीही पिन काढली. गृहस्थांनी कानांतली बोटं काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांना कुणी पाणी दिलं होतं. "आता वाचा, काका," मी म्हटलं. "तिसरी ओळ नीट वाचा. नको असेल तर ती खूण खोडा."

पाच मिनिटांत मला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. तिथे दुकान चालवणाऱ्या कंपनीचा बेंद्रे नावाचा अधिकारी होता आणि माझे मार्गदर्शक, ताम्हनकर सर.

सर वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. यंत्रमागावर काम करणाऱ्याची मी मुलगी. मला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून हा माणूस मुंबईला तीन हेलपाटे घालून आला होता. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही.

"सुलक्षणा, तू प्रयोग मोडलास," ते म्हणाले.

"सर, पिवळी टोकनं तीन नंबरला पाठवायचं कुणी ठरवलं?"

"सिस्टिम आहे मॅडम," बेंद्रेच मधे बोलला. "साठच्या वर गुण आले की मुलगी पिवळं टोकन देते. आणि काय निकाल आलेत! तीन नंबरला शंभरातले अठ्ठ्याऐंशी लोक योजना घेतायत. बाकी दोन्हीकडे मिळून एकतीस. पुढच्या महिन्यापासून आपण राज्यभर करतोय. सगळी तुमच्या प्रश्नावलीची कमाल."

तो माझं कौतुक करत होता. खरंच करत होता. मला त्याच्या तोंडावर टेबलावरचा पेपरवेट फेकून मारावासा वाटला.

"सर, तुम्ही चिठ्ठ्या म्हणाला होता."

"पहिले दोन दिवस तसंच होतं. मग कंपनीला निकाल लवकर हवे होते. आराखड्यात थोडा बदल केला."

"मला न सांगता?"

"सांगणार होतो."

"आणि तो रिकामा मिक्सर?"

"दुकानात आवाज असतोच, सुलक्षणा. आपण तो नियंत्रित केला. आपण फक्त पाहतो. कुणी कुणाचा हात धरून सही घेतलेली नाही."

"त्या बाई कान दाबून बसल्या होत्या, सर. त्यांना दुखत होतं."

"अस्वस्थता होती. वेदना नव्हे. शब्द जपून वापर."

"मी जपूनच वापरले. अडीच वर्षं जपून वापरले! कुणाला त्रास होतो ते कळावं म्हणून ते प्रश्न लिहिले. कळलं तर दुकानं, दवाखाने, कचेऱ्या शांत करता येतील, असं तुम्हीच माझ्या प्रस्तावात लिहायला लावलं होतंत. आणि तुम्ही त्यांचीच चाळण केलीत. ज्याला दुखतं तो नेमका वेचायचा आणि जिथे दुखतं तिथेच नेऊन बसवायचा."

"आवाज खाली," सर म्हणाले.

"नाही करणार."

बेंद्रेने दार लावून घेतलं.  सर हळूच म्हणाले, "तू घरचं मधे आणते आहेस. वडिलांमुळे तू या विषयात आलीस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी तुला पहिल्या दिवशी बजावलं होतं, की अंतर ठेव. जूनमध्ये प्रबंध सादर करायचाय. माझ्या सहीशिवाय तो जाणार नाही. घरी जा, झोप काढ, उद्या ये."

मी केबिनमधून निघाले ती सरळ मागच्या खोलीत गेले. अर्जांचा ट्रे पिशवीत रिकामा केला. बेंद्रे दारात आडवा आला.

"मॅडम, ते कागद कंपनीचे आहेत."

"त्यांच्यावर माणसांची नावं आहेत," मी म्हटलं, आणि त्याला खांद्याने ढकलून बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला असं ढकललं.

संध्याकाळी पाचच्या बसने मी इचलकरंजीला घरी आले.

आमच्या घराबद्दल सांगायला हवं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सव्वीस वर्षं यंत्रमाग चालवले. एकेका शेडमध्ये पन्नास-पन्नास माग, दिवसरात्र खडखडाट. पंचेचाळिशीत त्यांचे कान गेले. आता, कान गेले म्हणजे ऐकू येईनासं झालं असं नाही. उलट झालं. बारीक आवाजही त्यांच्या डोक्यात सुईसारखा शिरायला लागला. आमच्याकडे ताटल्या प्लास्टिकच्या होत्या. आई कुकर लावायला शेजारी हळदीकाकूंकडे जायची. आणि आमच्या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची.

त्यामुळे त्या दिवशीचा सगळा संताप मला कुजबुजतच सांगावा लागला. ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं.  अण्णा भिंतीला टेकून ऐकत होते.

मी पिशवीतला एक अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला. "यातला नऊ नंबरचा प्रश्न बघा. 'गोंगाटात कुणी काही विचारलं तर आवाज थांबावा म्हणून मी पटकन हो म्हणतो.' सगळ्या वीस प्रश्नांत हा सगळ्यात खरा निघाला. याला 'हो' लिहिणारा माणूस कागद वाचतच नाही. हे तुमचं वाक्य आहे, अण्णा. तुम्ही एकदा हसत हसत म्हणाला होता."

अण्णांनी अर्ज हातात घेतला. नऊ नंबरवर बोट ठेवलं.

"हसत म्हटलं हुतं व्हय मी?"

"हो."

"मग काय करनार. रडत म्हनायचं हुतं का?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी काम सोडलं तवा तुमास्नी काय सांगितलं हुतं?" अण्णांनी विचारलं.

"कान दुखतात म्हणून तुम्हीच सोडलंत म्हणून."

"मी न्हाई सोडलं." त्यांचा आवाज अजून खाली गेला. "मालकानं जुनं माग भंगारात काढलं, नवं आनायचं हुतं. आमी तेवीस जन जुनं. आमाला काढायचं तर कायद्यानं देनं लागत हुतं. मालकाचं हापिस हुतं पोरी. पंखा हुता, खुर्च्या हुत्या. पगारवाढीचं बोलायला गेलं की तिथं बसवून चा पाजायचा. पन त्यो कागद घिऊन त्यो शेडमदी आला. चार माग चालू हुतं त्यांच्या मदी हुबा ऱ्हायला. एकेकाला तिथं बोलावला. मी म्हटलं, मालक, घरी नेतो, पोरीकडनं वाचून घेतो. त्यो काय म्हनला ते ऐकूच आलं न्हाई. माझं डोकं फुटाय लागलं हुतं. म्हटलं आन हिकडं. केली सही."

"सगळ्यांनी?" आईने विचारलं. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"तेवीसच्या तेवीस."

 अण्णांनी तो अर्ज नीट चौघडी करून माझ्या हातात दिला.

"तुझ्या सरांनी नवीन काय शोधलं गं?" ते म्हणाले. "मालकाला तर कुठल्या कालेजात न जाता ठाव हुतं."

त्या रात्री मला सरांपेक्षा माझाच जास्त राग आला. मी साडेचारशे अनोळखी माणसांना विचारलं होतं, की तुम्ही असं का करता. अण्णांना विचारलं नव्हतं. त्यांचं वाक्य उचललं, त्यातली बोली काढून ते स्वच्छ केलं आणि नऊ नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी विश्रामबागेत गेले. सरोजिनी मगदूम एका शाळेतल्या निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. अर्ज, पिवळं टोकन, रिकामा मिक्सर. योजना रद्द करायचा हक्क त्यांना आहे, मी सोबत येते, हेही सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू कुठे होतीस तेव्हा?"

"मागच्या खोलीत. पडद्यावर तुम्हाला बघत होते."

"मी बंद करा म्हटलेलं ऐकलंस?"

"हो."

"मग बाहेर का नाही आलीस?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. माझ्या हातातून स्वतःचा अर्ज घेतला आणि दार लावून घेतलं. त्या दुकानात मात्र गेल्या, एकट्याच. आणि योजना रद्द करूनच बाहेर पडल्या, असं मला मागून मिक्सरवाल्या मुलीने सांगितलं.

आठवड्याने महाविद्यालयात तिघांची समिती बसली. मी लेखी तक्रार दिली होती. प्राचार्य देशिंगकर मॅडम मधोमध होत्या. त्यांच्यासमोर एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी. त्या सकाळी मी घरून निघाले तेव्हा अण्णा सदरा घालून दारात उभे होते.

"मी येतो."

"अण्णा, तासाभराचा बसचा प्रवास. हॉर्न, इंजिन..."

"येतो म्हटलं न्हवं?"

कानांत कापसाचे बोळे, त्यावर मफलर, आणि एप्रिलचं ऊन. मी खिडकीशी बसले आणि ते माझ्या खांद्यात डोकं खुपसून बसले. अंकलीच्या पुलावर बसवाल्याने लांबलचक हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं, की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

समितीपुढे सर छान बोलले. कंपनीशी झालेला संवाद थोडा अपुरा पडला, विद्यार्थिनी भावनेच्या भरात आहे, तिचं नुकसान होऊ नये अशीच आपली इच्छा आहे. मॅडमनी एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. गिऱ्हाइकांची तोंडी संमती घेतली होती, असं मी लिहून द्यायचं. मग विषय मिटला. प्रबंध जूनमध्ये सादर होईल.

"घेतली नव्हती," मी म्हटलं.

"मग तुझं काय होईल, विचार केलायस?"

"केलाय."

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी मफलर सोडला, कानांतला कापूस काढून खिशात ठेवला. मी त्यांना कुणापुढे असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी सुलक्षणाचा बाप. नऊ नंबरचं वाक्य माझं हाय," ते म्हणाले. "मी ते माझ्या घरात, माझ्या पोरीला बोललो. हिनं मला इचारलं न्हाई. तुमी बी इचारलं न्हाई. आता त्या वाक्यावर तुमी मान्सं पकडाय लागलाय. ते मला परत पायजे."

"वाक्य परत कसं देणार?" सर हसले. खरं सांगायचं तर त्यांना हसू फुटलंच.

"ते तुमी बगा. तुमी शिकल्यालं हाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरांना विचारलं, "नववा प्रश्न काढला तर प्रश्नावली टिकते का?"

सरांनी समोरचे कागद चाळायला घेतले. मॅडमनी तोच प्रश्न मला विचारला.

"नाही," मी म्हटलं. "तो काढला तर तपासणी नव्याने करावी लागेल."

पुढे काय झालं ते सांगून टाकते. प्रश्नावली थांबवली गेली. कंपनीने ती पिवळ्या टोकनांसकट गुंडाळली, कारण समितीच्या पत्राची प्रत मी दोन वर्तमानपत्रांना पाठवली होती. सरांना ताकीद मिळाली. तीन वर्षांनी ते विभागप्रमुख झाले. माझी नोंदणी रद्द झाली. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या विषयावर, मला पीएच.डी. मिळायला आणखी सहा वर्षं लागली. ताम्हनकर सर नंतर एका परिषदेत समोर आले तेव्हा नमस्कारासाठी माझे हात उठले नाहीत. अजूनही उठणार नाहीत.

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. अण्णांचं म्हणणं लेखी घ्यायचं ठरलं. कारकुनाने ते संगणकावर टाइप करून आणलं आणि पेन पुढे केलं. "काका, इथे खाली सही करा."

बाहेर व्हरांड्यात गवत कापायचं यंत्र सुरू झालं होतं. अण्णांचा चेहरा पिळवटला, पण त्यांनी पेन घेतलं नाही.

"आधी ते बंद करायला सांगा."

मॅडम स्वतः उठून बाहेर गेल्या. यंत्र थांबलं.

"आता वाचून दावा. सावकाश."

कारकुनाने सुरुवात केली. "मी, दत्तात्रय विठोबा म्हेत्रे, राहणार इचलकरंजी, कुणाच्याही दबावाखाली न येता स्वखुशीने असा जबाब देतो, की..."

"थांबा. त्यो शब्द काडा."

"कुठला?"

"स्वखुशीनं. त्या कागदावर बी ह्योच शब्द हुता. 'स्वखुशीनं काम सोडत आहे.' मागनं दुसऱ्याकडनं वाचून घेतला तवा कळला मला."

कारकून गोंधळला. "पण काका, जबाबात तसंच लिहायची पद्धत असते. मग काय लिहू?"

अण्णांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. आमच्या घरात इतकी वर्षं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. त्यांचा खरा आवाज कसा आहे, हे मी विसरून गेले होते.

"रागानं!" अण्णा ओरडले. "म्हेत्रे ह्यो जबाब रागानं देतोय, असं लिहा."